हातावर दिलेलं मीठ

चंद्रावतीला चैन कशाची विचाराल, तर मिठाची. हसू नका. कुणाला सोन्याची असते, कुणाला साड्यांची, हिला मिठाच्या खड्याची. सकाळी उठलं, चूळ भरली, की चुलीमागच्या बरणीतून जाड्या मिठाचा एक खडा काढायचा, जिभेवर ठेवायचा आणि मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायचं. खडा विरघळेपर्यंत बोलायचं नाही. कुणी हाका मारून मारून घसा कोरडा केला तरी ओ द्यायची नाही. मग गुळाचा कोरा चहा. तो संपला की दिवस सुरू झाला, आता या कोण यायचंय ते.

ही सवय माहेरची. पेणच्या खाडीकाठी तिच्या बापाचा जन्म मिठागरावर गेला. हंगामातलं पहिलं मीठ निघालं की रास घालायच्या आधी आई एकेका पोराच्या जिभेवर एकेक खडा ठेवायची. तो दिवस म्हणजे पोरांची दिवाळी. लग्न होऊन चंद्रावती रोह्याकडे आली, भाताच्या आणि वालाच्या गावात. इथे मीठ म्हणजे दुकानातली पिशवी. तिने नाक मुरडलं आणि आईचा वर्षातून एकदाचा खडा रोजचा करून टाकला. नवरा केरू चेष्टा करायचा, "आमच्यात देवाला नैवेद्य लागतो, हिच्यात हिलाच लागतो." केरू गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली. खडा राहिला.

बरणी भरायचं काम तिच्या भावाचं. काळूराम तिच्याहून थोरला, अजून खाडीकाठीच राहणारा, बोलायला कंजूष. दर उन्हाळ्यात तो मिठाची गोण खांद्यावर टाकून यायचा, ओटीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "घे." बस, एवढंच. गोण तो खाली ठेवणार, मग ती उचलणार. मीठ हातातून हातात द्यायचं नाही, भांडण होतं, हे त्या घरात देवाच्या नावासारखं पाळलेलं. लहानपणी एकदा काळूरामने तिच्या हातावर खडा ठेवला होता. आईने दोघांच्या पाठीत धपाटे घातले. मग धपाटा कुणामुळे बसला यावरून दोघं दिवसभर भांडली, आणि आई म्हणाली, "बघा, सांगितलं नव्हतं?" त्यानंतर काळूरामने उभ्या आयुष्यात कुणाच्या हातावर मीठ ठेवलं नाही.

अशी ही बाई, आणि तिच्या नेमक्या किडन्या गेल्या. नशीब तरी किती शोधून शोधून मारतं बघा! पाय सुजले, तोंड सुजलं, धाप लागायला लागली. पेणच्या एका दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी सांगितलं की आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर रक्त धुवावं लागेल. आणि मीठ बंद. डाळी बंद, म्हणजे वालही बंद. सुकट बंद. पाणीसुद्धा मोजून. चंद्रावती तिथल्या तिथे डॉक्टरांना म्हणाली, "मग सोडलंत काय? हवा?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "आजी, नीट सांभाळलंत, रिपोर्ट सुधारले, तर पुढे बघू थोडंसं."

हे "पुढे बघू" तिने पदराला गाठ मारून बांधलं. डॉक्टर हजारांना म्हणत असतील, पण तिने ते वचन समजून घेतलं. एक दिवस रिपोर्ट सुधारणार, पथ्य सुटणार, आणि ती पुन्हा खडा तोंडात धरून पायरीवर बसणार. त्या एका सकाळसाठी ती सगळं सोसायला तयार झाली.

आणि सोसलं हो तिने! मुलगा धनेश रोह्याला कंपनीत, त्याची शिफ्ट चुकत नाही. सून भूमिका तिला पेणला घेऊन जायची, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत. भूमिका मोठी कडक पोरगी. तिने घरातली मिठाची बरणी आधी आपल्या कपाटात कुलपात ठेवली. पाण्याच्या बाटलीवर लाल नेलपॉलिशने रेघ मारली, रेघेपर्यंतचं पाणी दिवसभराचं. सासूला अळणी पेज, अळणी भाजी, आणि वर डोळ्यांत तेल घालून पहारा.

"आई, शेंगदाण्याला हात लावलात? मी बघितलं. किती वेळा सांगायचं?"

"अगो, एकच होता."

"एक पण नाय."

चंद्रावती मागच्या पायरीवर बसून शेजारच्या हौसाकडे गाऱ्हाणं करायची, "सून नाय गो, पोलीस हाय." हौसा तिच्याच वयाची, तिच्याच वर्षी या गावात सून म्हणून आलेली. तिने मैत्रिणीसाठी एवढं केलं की सुकट भाजायची ती लांब राहणाऱ्या आपल्या चुलत जावेकडे जाऊन, वास इकडे येऊ नये म्हणून. दोन हिवाळे गेले, अंगणात पोपटी लागली नाही. पोपटी म्हणजे या भागातल्या माणसाचा जीव की प्राण. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, भांबुर्डीचा पाला, ओवा, जाडं मीठ, सगळं मडक्यात भरायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. धनेशने मित्रांना सांगितलं, आमच्या शेताच्या आसपासही लावू नका, आयेला वास येतो.

लेकराने मायेपोटीच केलं सगळं, त्याला बोल कसा लावणार? पण एकेक सुख मायेच्या हाताने काढून नेलं, म्हणून ते काही कमी दुखत नाही. कधीकधी चंद्रावती रिकाम्या तोंडाने पायरीवर बसायची. जीभ टाळ्याला लावायची, जणू खडा आहे. मग रडायची. रडताना ओठांवर खारट लागलं की तिला तेवढंच बरं वाटायचं, आणि तसं बरं वाटल्याची लाज वाटायची.

त्या पौषात तिचा हात खराब झाला. मशीनची सुई जिथे लावायचे ती शीर बंद पडली. मानेत नळी घातली, तिथे पू होऊन ताप भरला. मशीनवर झोपवलं की छाती दडपायची, डोळे फिरायचे. मग एके दिवशी डॉक्टरांनी धनेश आणि भूमिका दोघांना आत बोलावलं. चंद्रावती बाहेर बाकावर बसली होती. धनेश शिफ्ट सोडून आला होता. हे तिला जरा नवल वाटलं, पण तिने मनावर घेतलं नाही.

दोघं बाहेर आली. भूमिका सरळ बाथरूमकडे गेली. धनेश खाली दुकानात जाऊन पाण्याची बाटली घेऊन आला, झाकण उघडलं आणि पूर्ण बाटली आईच्या हातात दिली.

"पी, आये."

"किती?"

"पाहिजे तेवढं पी."

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. "डॉक्टर काय बोलला?"

"आता मशीन बंद ठेवायची म्हनाले. पथ्य पन नाय. आवडेल ते खायला द्या म्हनाले."

आता बघा, हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नाही? दुसऱ्याच्या घरात ऐकलं की आपल्याला लगेच अर्थ कळतो, आपण हळू आवाजात एकमेकांना सांगतो. चंद्रावतीनेही गावात दोघा-तिघांच्या वेळी ऐकलं होतं, "अरेरे" म्हटलं होतं. पण तेच वाक्य आपल्या दारात आलं आणि दोन वर्षं त्याचीच वाट बघितलेली असली, की कान हवं तेच ऐकतात. ती तिथल्या तिथे उभी राहिली. बाकावरच्या अनोळखी बाईला म्हणाली, "सुटलं गो पथ्य माझं! दोन वर्षं अळणी खाल्लं, आता सुटलं!" त्या बाईने हसून हात जोडले. धनेश भिंतीकडे तोंड करून मोबाइल बघत राहिला.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. कासू स्टेशनच्या पुढेमागे खारपाट दिसत होता, उन्हात पांढरा पडलेला. धनेशने खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी घेऊन तिच्या मांडीवर ठेवली. भूमिका समोर बसली होती. चंद्रावतीने हळूच एक दाणा तोंडात टाकला आणि सुनेकडे चोरून बघितलं. मग दुसरा टाकला. तरी भूमिका गप्प. चंद्रावतीला खुदकन हसू आलं.

पण दाणे भुशासारखे लागले. "खवट हायत रे," ती म्हणाली, आणि पुडी त्याला परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या उशाशी मिठाची बरणी होती. भूमिकाने आपल्या हाताने कुलपातून काढून ठेवलेली, पुसून स्वच्छ केलेली. चंद्रावतीने खडा घेतला, भिंतीला धरत धरत मागच्या पायरीवर गेली आणि बसली. दोन वर्षं जिच्यासाठी सोसलं ती हीच सकाळ. समोर वालाचा हिरवा तुकडा, त्यावर धुकं, लांब कोलाडकडच्या रस्त्यावर गाड्यांचा आवाज. तिने डोळे मिटून खडा जिभेवर ठेवला.

काहीच लागलं नाही. खडीचा तुकडा चघळावा तसं. ती थांबली, जिभेखाली फिरवला, दाढेत धरला. मग मागून एक कडवट, पत्र्यासारखी चव आली आणि तिने तो थुंकला.

"जुनं झालं मीठ," ती स्वतःशीच म्हणाली. "दोन वर्षं कपाटात कोंडलं, मग उतरनार नाय तर काय."

गुळाचा चहा आला, तर गूळ भेसळीचा. हौसा वाटीभर सुकटीची चटणी घेऊन आली, तर हौसाने ती करपवली. "तुला कवा जमली नाय सुकट," चंद्रावती म्हणाली. एरवी हौसाने तिच्या चार पिढ्या काढल्या असत्या. आज ती म्हणाली, "व्हय गो, करपलीच जराशी," आणि पदराने नाक पुसलं. आणि हौसाची सुकट करपलेली नव्हती, हे सांगायला मी तिथे असायची गरज नाही.

मग दिवसभर रांगच लागली. कुणी नारळपाणी आणलं, कुणी घावणे आणले. चंद्रावतीच्या ज्या चुलत जावेने दोन वर्षांत कधी वाकून बघितलं नव्हतं, ती डबा घेऊन आली आणि जाताना पाया पडली. चंद्रावती म्हणाली, "आज सण हाय काय?" कुणी हसलं नाही. धनेश दुसऱ्या दिवशीही कामावर गेला नाही. ताप अंगावर काढून शिफ्टला जाणारा पोरगा! तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने ती हाकलली. डॉक्टर "पुढे बघू" म्हणाला होता, आणि बघितलं त्याने, एवढं सरळ होतं ते.

पण तिला सर्वांत जास्त खुपत होती ती भूमिका. भूमिका ओरडत नव्हती. चंद्रावतीने मुद्दाम तिच्यादेखत पेलाभर पाणी प्यायलं, वर अजून अर्धा मागितला. भूमिकाने निमूट दिला. मुद्दाम लोणच्याची फोड उचलली. भूमिका बघून न बघितल्यासारखी आत गेली. पायांवरची सूज पोटरीच्या वर चढली होती, बोट दाबलं की खड्डा तसाच राहत होता. एरवी भूमिकाने तो खड्डा बघून सगळं घर डोक्यावर घेतलं असतं. आता ती रोज संध्याकाळी त्या पायांना तेल लावत होती.

"पाय सुजलेत गो," चंद्रावती म्हणाली.

"उतरेल, आई."

"पानी जास्त झालं असेल. तू रेघ मारायचीस ना?"

"आता नाय लागत रेघ," भूमिका म्हणाली, आणि तिचा हात थांबला नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी धनेशने अंगणात पोपटी लावली. आपल्या शेतातल्या शेंगा स्वतः खुडल्या, माळावरून भांबुर्डीचा पाला आणला. दिवस कलायच्या आधी मडकं उपडं घालून जाळ केला, म्हणजे आयेला थंडी बाधायला नको. चंद्रावतीला खाटेवर उशांच्या टेकूने बसवलं. ती पडली की जीव घाबरा व्हायचा, म्हणून दोन दिवस ती बसूनच होती. हौसा पायाशी बसली. आणि ऐन वेळी दारात काळूराम उभा राहिला, खांद्यावर लहानशी गोण घेऊन.

"दादा? आता कुठे उन्हाळा झालाय मीठ आनायला?"

"आलो असाच," काळूराम म्हणाला. "नवा हंगाम सुरू झाला. पहिलं मीठ हाय."

तो खाटेच्या कडेला टेकला. धनेशने मडक्यावर पाण्याचे थेंब मारले, ते चुर्र करून उडाले. पोपटी झाली. जाळ बाजूला सारला, मडकं सरळ करून सुपात ओतलं, वाफेचा लोट उठला. तो वास! हौसा म्हणाली, "अगो बाय!" चंद्रावतीने जोरात श्वास ओढला. तिला फक्त धूर लागला. पण तिने तोंडावर दाखवलं नाही. पोराने एवढा खटाटोप केला होता.

धनेशने शेंगा सोलून तिच्या ताटलीत दाणे टाकले. तिने एक दाणा खाल्ला, चावला, मग चावतच राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मडक्यात मीठ घातलं तर सगळ्यांच्या ताटात सारखंच येणार, आणि बाकीचे "बेस झालीय" म्हणत होते. आता खापर कुणावर फोडायचं?

"मीठ कमी हाय जरा," ती म्हणाली. "दादा, तुझं नवं दे बघू थोडं."

काळूरामने गोणीचं तोंड सोडलं. आत हात घातला, एक चांगला मोठा, पांढरा खडा निवडला. आणि तिचा हात पुढे होता, त्या तळव्यावर ठेवला.

अंगणात कुणाच्या लक्षातही आलं नाही. हौसा शेंग सोलत होती, भूमिका पाणी आणायला वळली होती. चंद्रावती तेवढी आपल्या तळव्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, आता दादा दचकेल. आता म्हणेल, अरे, हातात दिलं की काय, टाक, टाक खाली. ती वाट बघत राहिली. काळूराम तिच्याकडे बघतच नव्हता, तो जाळाकडे बघत होता.

"दादा," ती हळू म्हणाली, "हातात दिलंस."

त्याने मान हलवली. "असूं दे गो."

"भांडन होतं."

"व्हऊं दे," काळूराम म्हणाला. मग त्याचा आवाज फाटला. "आता कवा भांडनार हायेस तू माझ्याशी, चंद्रे? कवा?"

बोलायला कंजूष माणूस, जन्मात एकदा दोन वाक्यं जास्त बोलला. धनेश झटकन उठला. "मामा!" म्हणाला, पण शब्द गेला होता. भूमिका तांब्या घेऊन दारातच थांबली.

पाण्याची उघडलेली बाटली, चकचकीत पुसलेली बरणी, न करपलेली सुकट, पाया पडणारी चुलत जाऊ, शिफ्टला न गेलेला पोरगा, सगळं एका क्षणात चंद्रावतीसमोर नीट रांगेत उभं राहिलं. ती ज्या सकाळची दोन वर्षं वाट बघत होती ती आली होती, आणि तिचा अर्थ हा होता. तिला ओरडावंसं वाटलं. तिला खूप राग आला, धनेशचा, डॉक्टरचा, त्या मेल्या मिठाचा. आणि मग रागसुद्धा टिकला नाही. नुसती भीती उरली. अंगणात एवढी आपली माणसं, तरी एकटं वाटावं अशी भीती.

खडा तिच्या हातात होता. जिभेवर ठेवला असता तर कुणी अडवणार नव्हतं. आणि तेच तर वाईट होतं. कुणी अडवणार नव्हतं.

तिने खडा ताटलीत टाकला आणि ताटली खाटेवरून लांब सरकवली.

"भूमिके," ती म्हणाली. "माझी पेज आन."

"आई, पोपटी नको का?"

"मला पेज पायजे. पथ्याची. मीठ नाय घालायचं."

"आई, आता पथ्य नाय लागत..."

"लागतं!" चंद्रावतीला धाप लागली, तरी ती थांबली नाही. "मी सांगते ना, लागतं. ती बाटली आन माझी, लाल रेघेची. फेकलीस काय? आनि शेंगा खाल्ल्या मी आता, तुझ्या डोळ्यांदेखत. बोल ना मला. तोंड शिवलं काय तुझं? बोल गो! ओरड माझ्यावर!"

धनेश तोंडावर हात धरून गोठ्याकडे निघून गेला. हौसा शेंग हातात तशीच धरून बसली. भूमिका तांब्या घेऊन तशीच आत वळली. आत भांड्यांचा आवाज झाला, मग बराच वेळ झाला नाही, मग पुन्हा झाला.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात पेजेची वाटी होती आणि दुसऱ्या हातात ती बाटली, रेघेपर्यंत भरलेली. डोळे लाल झाले होते. तिने वाटी सासूच्या हातात दिली, ताटलीतला खडा उचलून जाळात टाकला, कमरेवर हात ठेवले आणि जुन्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला.

"शेंगांना हात लावलात? मी... मी बघितलं. किती वेळा सांगायचं तुम्हाला, आई?"

"एकच खाल्ली गो," चंद्रावती म्हणाली.

"एक पण नाय. आनि पानी एवढंच. रात्री परत मागायचं नाय."

"बघ रे दादा," चंद्रावती भावाकडे वळून म्हणाली, "कशी बोलते मला. पोलीस हाय नुसती."

काळूराम मान खाली घालून गोणीचं तोंड बांधत होता. चंद्रावतीने वाटी दोन्ही हातांनी धरली. पेज गरम होती, पातळ होती, आणि तिच्यात मिठाचा कणही नव्हता. त्या तीन-चार दिवसांत तिच्या तोंडाला पहिल्यांदाच जशी हवी तशी चव लागली. भूमिका कमरेवर हात ठेवून समोर उभी होती, आणि चंद्रावती तिच्या धाकात, घोट घोट करत, सगळी पेज प्यायली.